लग्नाचा घाट

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या अंगणामध्ये मेंदीचं कुंपण आहे. छातीएवढं, दाट. फक्त कढीपत्त्याच्या झाडापाशी मेंदी कधी धरलीच नाही, तिथे दीड हाताची एक खिंड आहे. गेली बावीस वर्षं त्या खिंडीतून वाट्या जातात-येतात. इकडून लिंबाचं लोणचं गेलं की तिकडून मासवडीचे चार तुकडे येतात. वाटी रिकामी परतवायची नाही, हा या वाटेवरचा जकातीचा नियम. बातम्यांना मात्र जकात माफ आहे.

या गोष्टीत मी कुणाचंच नाव घेणार नाही. जुन्नर ते केवढं! सकाळी कुंपणाशी घेतलेलं नाव दुपारी बाजारपेठेत पोचतं आणि संध्याकाळी आपल्याच घरी चहाला येतं.

तर तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी खिंडीत उभ्या. हातात वाटी नव्हती. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"बाई, जरा इकडं या." मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून सगळी गल्ली मला बाईच म्हणते. "कुणाला बोलू नका. आमची धाकटी पळून जाऊन लग्न करतीय."

"अगं बाई! कधी गेली?"

"गेली कुठं? आत अंघोळ करतीय. जानेवारीत पळून जाणारंय. आम्हाला पण बरोबर नेणारंय."

मी डोळे मोठे केले. ते मोठे करायला मला जरा कष्ट पडले. का, ते पुढे कळेल.

"तुम्हाला घेऊन पळून जाणार?"

"तेच तर! पुण्याला नोकरीला लागली तेव्हापासून एकेक नवीन शब्द आणती. इलोपमेंट म्हणतात म्हणे. आमच्या वेळी पळून जायचं म्हणजे आळंदी. रात्रीची एसटी, सकाळी हार, अन् दुपारपर्यंत पोरीचा भाऊ दारात हजर. ह्यांचं पळणं बघा. मोजून अकरा माणसं, दोन जिपा अन् चहाचा थर्मास."

"आणि पळून जायचं कुठे?"

वहिनींनी कढीपत्त्याची एक काडी तोडली, पानं ओरबाडली आणि म्हणाल्या, "नाणेघाटात."

मुलगा मुरबाडकडचा. म्हणजे आम्ही घाटावर आणि ते बरोबर घाटाखाली. एरवी पळून जाण्याला जी कारणं लागतात त्यातलं एकही इथे नव्हतं. जात तीच, मुलगा शिकलेला, घरचे शेतकरी, दोन्हीकडून होकार. "आडवा आलाय तो फक्त सह्याद्री," असं धाकटीचं म्हणणं.

"मग पळायचं कशापासून, असं विचारलं मी तिला," वहिनी सांगत होत्या. "तर म्हणती, कार्यालयापासून. थोरलीच्या लग्नाचं तिनं मनात धरलंय."

थोरलीचं लग्न मला आठवतं. बाराशे पानं उठली होती. कार्यालयाचं नाव नको घ्यायला, पण ऐन मुहूर्तावर तिथली वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. गुरुजी घशाच्या शिरा ताणून मंगलाष्टकं म्हणत होते आणि मागच्या रांगांतली मंडळी अंदाजाने अक्षता टाकत होती. नवरीच्या पोटात अन्नाचा कण गेला तो साडेचारला. आणि या धाकटीला, तेव्हा ती बारावीत होती, आहेराच्या वहीवर बसवली होती. दाराशी टेबल, पुढे पाकिटांचा ढीग, नाव लिहा, आकडा लिहा, सुपारी द्या. आत 'सावधान' झालं, टाळ्या वाजल्या, आणि ही कुठल्याशा पाव्हण्याच्या नावापुढे एकशे एक लिहीत होती. सख्ख्या बहिणीचं लग्न लागताना तिनं पाहिलं नाही.

"ती वही अजून आहे हो आमच्याकडं," वहिनी म्हणाल्या. "त्याप्रमाणं आहेर परतवतोय अजून. अन् कांद्याची दोन पिकं गेली ती वेगळीच. खोटं कशाला बोलू, ह्यांना मनातून बरंच वाटलंय. हे एवढंच म्हणाले की कायद्यात बसतं का ते बाईंना विचार."

मी घसा साफ केला. शिक्षकाला कुणी काही विचारलं की त्याचं वय दहा वर्षांनी कमी होतं.

"हे बघा वहिनी, दोन वाटा आहेत. एक म्हणजे विधी करायचा, सप्तपदी चालायची आणि मग त्या लग्नाची नोंदणी करायची. हिंदू विवाह कायदा, १९५५. त्यात विधीला महत्त्व आहे. नुसता कागद आणला आणि विधी झालाच नाही तर ते लग्न नव्हे, असं सुप्रीम कोर्टानंच २०२४ मध्ये सांगितलंय. दुसरी वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची, ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो. त्यात विधी करा न करा, पण विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यायची. दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम हवा. नोटीस दिली की ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. तीस दिवस कुणाची कायदेशीर हरकत आली नाही तर लग्न."

"बोर्डावर लावतात?"

"लावतात. आणि मुलाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असलं तर नोटिशीची प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते, तिकडेही लागते."

वहिनींनी हिशेब केला. "म्हंजे पुण्यात पण लागणार अन् ठाण्यात पण लागणार. दोन जिल्ह्यांत महिनाभर पाटी लावून पळून जायचं? ह्याला पळणं म्हणतात व्हय? ह्यापेक्षा आमचे भाऊबंद जास्त गुपचूप बांध सरकवतात."

"आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. त्यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना एकेक वाक्य म्हणायचं, की मी तुला नवरा म्हणून, मी तुला बायको म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. त्यांना समजेल अशा कुठल्याही भाषेत. बस्स. सह्या केल्या की झालं."

"एकच वाक्य?" वहिनी विचारात पडल्या. "ह्यांनी मला पस्तीस वर्षांत म्हणलं नाही हो तसलं वाक्य."

तेवढ्यात आतून धाकटीची हाक आली आणि वहिनी एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "हो ना बाई, यंदा कढीपत्त्यावर कीडच फार."

पुढचे आठ दिवस खिंडीतली वाहतूक वाढली. वहिनींची तक्रार रोज निराळी असायची. त्यावरून मला कळायचं की कालची मिटलीय.

सोमवारची तक्रार: भटजी नाहीत. मी म्हटलं, "वहिनी, हे आपल्या तालुक्याला नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटजीशिवाय लग्नं लागायला लागली. आपल्या ओतूरच्या एका पाटलांनी घरचं लग्न तसं लावलं, तर गावच्या जोश्यांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी थेट जुन्नरच्या कोर्टात दावा ठोकला होता. तो पुढे हायकोर्टापर्यंत गेला."

"ओतूरच्या पाटलांनी?" वहिनींचा चेहरा उजळला. वहिनींचं माहेर ओतूर. भटजींचा मुद्दा तिथेच संपला.

बुधवारची तक्रार: लोक काय म्हणतील. पोरगी पळून गेली म्हणतील. मी म्हटलं, "रुक्मिणीला कुणी काय म्हणालं? आपल्या विदर्भातलीच ती, वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची. स्वतः निरोप धाडून कृष्णाला बोलावून घेतलं, भावानं ठरवलेला नवरा मंडपात सोडला आणि रथात बसून गेली. आणि आज बघा, तिच्या माहेराहून दर आषाढीला पालखी पंढरपूरला येते. माहेर तुटलं का?"

"तिच्या रथामागं भाऊ धावला होता की मारायला."

"तुमच्या धाकटीचा भाऊ कुठाय?"

"नाही तेच बरंय," वहिनी म्हणाल्या. "पण आत्या आहे ना. माझी नणंद रुक्मीपेक्षा कमी नाही."

शुक्रवारची तक्रार खरी होती. पौष. धाकटीनं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख काढली होती, सुट्टीच्या हिशेबानं. पौषात मराठी माणूस लग्न सोडाच, नवीन केरसुणीसुद्धा विचार करून घेतो.

"पोरगी म्हणती, पौषात घाटावर गर्दी नसती. अगं नसणारच! बाई, तुम्ही समजवा. कायद्यात पौषाचं काही आहे का?"

कायद्यात पौष नाही. पण दुसरं एक आहे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करता येतं; ते उलटले तर नवी नोटीस द्यावी लागते. मी बोटं मोजली. धाकटीनं रजिस्टर लग्नाची नोटीस कार्तिकात दिलेली. तीन महिने संपायच्या आत माघ लागतोय, आणि मधे चांगले आठ-दहा दिवस हाताशी राहतायत.

वहिनींनी तेवढ्यात पंचांग काढून आणलं होतं. कुंपणावर ते उघडं ठेवून आम्ही दोघींनी बोट फिरवलं आणि माघातला एक गुरुवार धरला. गुरुवारी पुण्याला विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सह्या, शुक्रवारी सकाळी नाणेघाट. कायद्याचंही राहिलं, पंचांगाचंही राहिलं, आणि धाकटीला सांगताना वहिनी म्हणाल्या, "बाई म्हणतात, कायद्याप्रमाणं माघच बरोबर बसतोय." मी खिंडीतून आत सरकले.

आता यादी. अकरा माणसं म्हणजे नवरानवरी दोन, दोघांचे आईवडील चार, थोरली आणि जावई, मुलाचा भाऊ, मुलाची आजी. ही झाली दहा.

"अन् अकरावा कोण?" वहिनींनी मला विचारलं. "साक्षीदार तीन लागतात. एक जावई. एक मुलाचा भाऊ. तिसरं नाव कार्टी सांगत नाही. म्हणती, ठरलंय. कुणाला ठरवलं असंल? मामाला सांगितलं तर काकाचं तोंड फुगंल. आत्याला सांगितलं तर मीच येणार नाही."

"असेल कुणीतरी," मी म्हटलं आणि कुंडीला पाणी घालायला लागले. त्या कुंडीला मी सकाळीच पाणी घातलं होतं.

डिसेंबरात एका रविवारी धाकटी म्हणाली, "आई, तू एकदा जागा तर बघ. बाई, तुम्हीपण चला." जीप ठरवली. चावंडचा किल्ला मागे टाकून घाटघरच्या दिशेला लागलो. जुन्नरपासून तीसेक किलोमीटरचा रस्ता. शेवटी शेवटी हिरड्याची झाडं, कापून गेलेली भाताची खाचरं, समोर जीवधन आणि त्याच्यापासून सुटून एकटा उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका. घाटघरला एका घरी धाकटीनं जेवणाचं सांगून ठेवलं होतं. वहिनींनी उतरून चूल, पातेली आणि पिण्याचं पाणी पाहिलं, घरच्या बाईशी पाच मिनिटं बोलल्या आणि परत जीपमध्ये बसून जाहीर केलं, "भाकरी अन् भात त्यांचा. मासवडी अन् रस्सा मी घरून आणणार."

धाकटी माझ्याकडे बघून हसली. आई विरोधी पक्षातून सरकारात आली होती.

नाणेघाट जुन्नरच्या माणसाला सांगायला नको. पण जुन्नरच्या माणसानं तो नीट पाहिलेला असतोच असं नाही. वहिनी लग्नाआधी एकदा गेल्या होत्या, तेही पावसात. तेव्हा कोकणातून वर घुसणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो ते बघायला. धुक्यात बाकी काही दिसलं नव्हतं. आता हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात त्या कड्याच्या अलीकडे थांबल्या. खाली एकदम कोकण. तळाशी वैशाखऱ्याकडे जाणारा डांबरी रस्ता, सुतळीएवढा.

"त्यांचं घर कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. धाकटीनं बोट दाखवलं. वहिनी बराच वेळ त्या दिशेला बघत होत्या. घर काही दिसत नव्हतं. पण लेक द्यायची ती दिशा तरी बघून ठेवावी, तसं.

ठरलं होतं ते असं: आम्ही जुन्नरहून जीपनं येणार. मुलगा आणि त्याचा भाऊ पहाटे वैशाखऱ्याहून निघून पायवाटेनं, तीन तासांत घाट चढून वर येणार. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याचा माल ज्या वाटेनं जुन्नरला येत होता, त्याच वाटेनं नवरदेव. आणि गुडघे दुखणारी मंडळी माळशेजचा घाट चढून मोटारीनं.

"घोड्याऐवजी पायी?" वहिनी म्हणाल्या. "चांगलंय. घाम गाळून येऊ दे. माझी पोरगी काही रस्त्यावर पडलेली नाही."

खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी त्यात टाकायची, असं सांगतात. वहिनींनी आत डोकावून पाहिलं. तळाशी पालापाचोळा आणि कुणी टाकलेली चिप्सची पिशवी. त्यांनी हात घालून पिशवी काढली, घडी करून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "आहेराला बरंय हे. वही नको अन् पाकिटं नको."

मग आम्ही लेण्यात गेलो. धाकटीनं आधीच सांगून टाकलं, "आई, इथे आत काही करायचं नाही. संरक्षित स्मारक आहे. समारंभ करायचा तर सरकारची लेखी परवानगी लागते. आपण बाहेर, कड्यापासून लांब, मोकळ्या पठारावर उभं राहायचं. मंडप नाही, फटाके नाहीत, माइक नाही." आत तिन्ही बाजूंना दगडी बाक आणि भिंतींवर ओळींमागून ओळी ब्राह्मी अक्षरं. सातकर्णी राजाच्या राणीचा, नागनिकेचा लेख.

आता कबूल करते. सातवीच्या वर्गाची सहल घेऊन मी इथे आले होते आणि त्या सहलीत ही धाकटी होती. बाकीची मुलं रांजणात खडे टाकत होती. ही एकटी मागच्या भिंतीपाशी उभी राहून विचारत होती, "बाई, मूर्ती कुठं गेल्या?" मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या केव्हाच गेल्या. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आणि वर कोरलेली नावं. त्यातल्या एका ठिकाणी राजा आणि राणी अशी दोघांची नावं एकत्र कोरलेली आहेत. आधी राणीचं, मग राजाचं. मी ते मुलांना वाचून दाखवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले होते. मूल विसरत नाही.

"हे बघ आई," धाकटी आता आईला दाखवत होती, "पत्रिकेत पण असंच. आधी माझं नाव."

"पत्रिका छापणार आहेस कुठं तू?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अन् ह्या सगळ्या भिंतीवर काय लिवलंय?"

"राजानं केलेले यज्ञ. अश्वमेध, राजसूय. आणि प्रत्येक यज्ञात काय काय दान दिलं त्याचे आकडे. गाई, हत्ती, घोडे, गावं. एका जागी तर २४,४०० कार्षापणं असा आकडा आहे. कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत हे."

वहिनी कंबरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "म्हंजे आहेराची वहीच की ही! बघ गं, बघ. तुझी राणी. एवढं वाटलं, एवढं दिलं, अन् वर दगडावर लिवून ठेवलं. अन् तू म्हणतीस अकरा माणसं!"

धाकटीला उत्तर सुचलं नाही. मी तीस वर्षं तो लेख शिकवला, पण आहेराची वही म्हणून मला तो कधी दिसला नव्हता.

बाहेर आल्यावर वहिनींनी अंगावरची शाल काढली. "धरा बाई ते टोक. अंतरपाट बघू कसा राहतो." आम्ही दोघींनी शाल ताणून धरली. डिसेंबरातला वारा पावसाळ्याएवढा नसतो, तरी कोकणाकडून आला तो शालीत असा भरला की वहिनी दोन पावलं पुढे ओढल्या गेल्या. मग त्यांनी वाटेवरच्या गवताची मूठभर कुसळं उचलली आणि अक्षतांसारखी टाकून पाहिली. ती नवरानवरीच्या जागेवर न पडता गिरकी घेऊन आमच्याच तोंडावर आली.

"हं," वहिनी म्हणाल्या. एवढंच. पण आता त्या हिशेब करत होत्या, हे मला कळलं.

परतीच्या जीपमध्ये त्या गप्प होत्या. चावंड गेल्यावर एकदम म्हणाल्या, "आमच्या लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला, तुम्हाला सांगितलं का मी? सगळा गेला. एक फोटो अर्धा राहिलाय. त्यात माझे पाय आहेत पाटावर, हळदीचे. अन् ह्यांचे बूट."

पुढे कुणी काही बोललं नाही. धाकटीनं आईचा हात हातात घेतला होता आणि ड्रायव्हर आरशातून बघतोय हे दोघींनाही कळत नव्हतं.

पौष जाता जाईना. आत्याबाईंचा प्रश्न वहिनींनीच सोडवला. लग्नानंतरच्या रविवारी घरी पुरणपोळी, घरच्या सगळ्यांना आमंत्रण, आणि आत्याला आदल्या दिवशीच मुक्कामाला. "जेवणात मान मिळाला की नणंदेला लग्नाचं काही वाटत नाही," हे त्यांचं मत. घाटावर गुरुजी नाहीत. थोरली मंगलाष्टक म्हणणार, मुलाची आजी आशीर्वाद देणार आणि अंतरपाट दोघांच्या आया धरणार. लग्नाचा वाढदिवस कुठला धरायचा, गुरुवारचा की शुक्रवारचा, यावर मात्र निकाल लागला नाही. कागदावर गुरुवार. वहिनींच्या मते सावधान होईल तो शुक्रवार. जावयाला आणखी काही वर्षांनी दोन्ही दिवशी भेट आणावी लागणार, असा माझा अंदाज.

आणि अकरावं माणूस. त्याबद्दल वहिनींनी विचारणंच सोडून दिलं होतं. मला जरा हायसं वाटत होतं आणि जरा वाईटही. बावीस वर्षांत या खिंडीतून मी त्यांच्यापासून काही लपवलं नव्हतं. पण दिवाळीच्या आधी एका रात्री धाकटी माझ्याकडे आली होती, ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं होतं, शपथ घातली होती आणि वर म्हणाली होती, "मामाला केलं तर काका, काकाला केलं तर आत्या. तुम्ही कुणाच्याच कुणी नाही, म्हणून तुम्हीच." शिक्षिकेला याहून मोठा मान कुठला? मी हो म्हटलं आणि तेव्हापासून या कुंपणाशी डोळे मोठे करत उभी होते.

माघातला तो बुधवार. उद्या पुणे. संध्याकाळी मी दिवा लावून बाहेर आले तर वहिनी खिंडीत. या वेळी हातात वाटी होती. माझीच, स्टीलची, दिवाळीत चिवडा घेऊन गेलेली.

"बाई, उद्या सकाळी साडेपाचला जीप. स्वेटर घ्या. अन् परवा घाटावर चपला नकोत, बूट घाला, मागच्या वेळी घसरत होता तुम्ही."

"मी?" मी म्हटलं. "मी कशाला..."

"मंगळवारी आधारकार्डाच्या झेरॉक्स काढल्या ना? तीन प्रती. अन् दोन फोटो." वहिनी शांतपणे कढीपत्त्याची वाळकी पानं काढत होत्या. "झेरॉक्सवाला म्हणाला, बाई या वयात पासपोर्ट काढतायत का? म्हणलं, नाही रे, पळून चालल्यात."

मला काय बोलावं सुचेना. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"दिवाळीपासून. पोरगी रात्री तुमच्याकडं दोन तास बसून आली अन् येताना वाटी रिकामी आणली. म्हणलं, बोलण्यात एवढ्या गुंतल्या होत्या, म्हंजे काहीतरी मोठं ठरलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणलं बघू, बाई किती दिवस डोळे मोठे करतायत."

मी हसले. त्याही हसल्या, मग पदरानं डोळे पुसले आणि वारं फार सुटलंय म्हणाल्या. वारं अजिबात नव्हतं.

मग त्यांनी वाटी खिंडीतून पुढे केली. आत कुंकू लावलेले तांदूळ होते, अखंड दाण्यांचे, निवडून घेतलेले.

"माझे हात अंतरपाटात असणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही टाका माझ्या वाटच्या. अन् कोकणाकडं पाठ करून उभ्या राहा, म्हंजे पोरीच्या डोक्यावर पडतील."